वेताळ झाडावर परत का जातो?

पुण्यात वेताळाच्या नावाची अख्खी टेकडी आहे. कोथरूड, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता यांच्या मधे पसरलेली वेताळ टेकडी. शहरातल्या टेकड्यांमध्ये सगळ्यात उंच हीच. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे, सकाळी चालायला येणाऱ्यांची वर्दळ असते, आणि नशीब जोरावर असेल तर मोरसुद्धा दिसतो. आता समजा, टेकडी उतरताना खरोखरच एक वेताळ तुमच्या पाठंगुळी बसला आणि कानात म्हणाला, "वाट लांबची आहे, तुला गोष्ट सांगतो. पण तू तोंड उघडलंस की मी चाललो!" तर काय कराल?

"गप्प बसू, त्यात काय!" असं म्हणालात ना? थांबा. वेताळ गोष्ट संपवतो आणि एक अवघड प्रश्न विचारतो. मग दुसरा नियम सांगतो. उत्तर माहीत असूनही बोलला नाहीस, तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील!

झाली की नाही पंचाईत? बोललं तर वेताळ उडाला, नाही बोललं तर डोकं फुटलं. झाडावरच्या प्रेतात शिरलेल्या वेताळाला खांद्यावर टाकून निघालेला बिचारा विक्रम राजा नेमका हुशार, त्याला प्रत्येक वेळी उत्तर येतं. तो उत्तर देतो, वेताळ खदखदा हसतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. राजा मुकाट्याने मागे फिरतो.

ही गोष्ट किती जुनी आहे, माहीत आहे? काश्मीरमधल्या सोमदेव नावाच्या कवीने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. आणि मजा म्हणजे तिथला राजा उज्जैनचा विक्रमादित्य नाही. त्याचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! पुढे ही गोष्ट विक्रमादित्याच्या नावावर गेली. तुमच्या आजी-आजोबांनी ती 'चांदोबा' मासिकात वाचली असेल. एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन निघालेल्या राजाचं ते प्रसिद्ध चित्र शंकर नावाच्या चित्रकाराचं. १९८५ मध्ये रामानंद सागर यांनी दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' ही मालिका आणली. अरुण गोविल विक्रम झाले होते आणि सज्जन वेताळ. तुमच्या आईबाबांना विचारा, वेताळाचं ते हसू त्यांना अजून आठवत असेल.

दर भागाच्या शेवटी काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. राजा बोलणार, वेताळ उडणार. मग लोक बघायचे कशाला? कारण नियम पक्का होता, आणि नियम पक्का असला की बघणाऱ्यालाही डोकं चालवता येतं. राजा यातून सुटणार कसा? दोन्ही बाजूंनी दार बंद आहे. सगळे मिळून फट शोधत बसतात.

आणि फट सापडते! नियम परत एकदा नीट वाचा. "उत्तर माहीत असूनही बोलला नाहीस तर." बरोबर, उत्तर माहीतच नसेल तर?

शेवटच्या कथेत नेमकं तेच होतं. एक राजा आणि त्याचा मुलगा रानातून जात असतात. त्यांना दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक मोठे, एक लहान. दोघं ठरवतात, मोठ्या पावलांच्या बाईशी बापाने लग्न करायचं, लहान पावलांच्या बाईशी मुलाने. शोधून पाहतात तर काय, त्या मायलेकी निघतात, आणि लहान पावलं आईची! शब्द तर दिलेला असतो. मग बापाचं लग्न लेकीशी होतं आणि मुलाचं तिच्या आईशी. वेताळ विचारतो, "या दोन्ही जोडप्यांना मुलं झाली, तर ती एकमेकांची कोण लागतील?" (वहीत नातं मांडून पाहा. मला तर चक्कर यायची बाकी होती.) राजा विचार करकरून थकतो. त्याला उत्तर सापडत नाही, म्हणून तो गप्प राहतो. तो बोलला नाही, त्यामुळे वेताळ उडू शकत नाही. त्याला उत्तर माहीत नाही, त्यामुळे डोकंही फुटत नाही. दोन्ही नियम जसेच्या तसे शाबूत, आणि राजा मोकळा! इतके दिवस हुशारीनेच त्याला अडकवलं होतं. तो सुटला उत्तर माहीत नव्हतं म्हणून.

हाच शेवट दुसऱ्या पद्धतीने करता आला असता. आकाशातून एखादी देवी येऊन राजाला जादूची दोरी देते, राजा वेताळाला बांधतो, संपलं. पण तुम्ही वैतागून म्हणाला असता, "मग ही दोरी पहिल्याच रात्री का नाही दिली?" आणि तुमचं बरोबरच असतं. अद्भुत गोष्टीत काहीही घडू शकतं असं मोठी माणसं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला एक मोठी थाप मारायची परवानगी असते. मेलेलं माणूस बोलतं, मांजर भविष्यातून येतं, काही म्हणा. पण त्यानंतर त्या थापेतून जे जे निघतं ते सगळं त्याला निभवावं लागतं.

भविष्यातून येणारं मांजर म्हटल्यावर कोण आठवलं, सांगायला नकोच. डोरेमॉन जन्माला आला जपानी मुलांच्या मासिकांत, १९६९ च्या डिसेंबरमध्ये. लेखक-चित्रकार होते फुजिको एफ. फुजिओ. नोबिता नावाच्या शाळकरी मुलाच्या घरी तो राहतो. टीव्हीवर तो नंतर आला. माझ्या ओळखीच्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी विचारलं आहे, "डोरेमॉनकडे टाइम मशीन आहे, मग नोबिताचा गृहपाठ तो चुटकीसरशी का करून टाकत नाही?" फुजिओंनी या प्रश्नावरच एक झकास गोष्ट रचली आहे.

नोबिताचा गृहपाठ साठलाय आणि तो सकाळपर्यंत संपवायची जबाबदारी डोरेमॉनच्या गळ्यात पडली आहे. एकट्याने होणार नाही. मग डोरेमॉन टाइम मशीनमध्ये बसून दोन तास पुढे जातो आणि तिथल्या डोरेमॉनला, म्हणजे स्वतःलाच, मदतीला धरून आणतो. मग चार तासांनंतरच्या स्वतःला. मग सहा. मग आठ. एका खोलीत पाच डोरेमॉन! पण जो जितका पुढचा, तो तितका चिडलेला. आठ तासांनंतरचा तर भांडायलाच उठलेला. का बरं?

जरा विचार करा. दोन तासांनंतरचा डोरेमॉन मागे आला, याचा अर्थ आजच्या डोरेमॉनला दोन तासांनी मागे जावंच लागणार. गृहपाठ संपवून बिचारा झोपायला जातो, तर कोणीतरी त्याला ओढून नेतं. कोण? तो स्वतःच, दोन तास आधीचा! मग चार तासांनी पुन्हा. सहा तासांनी पुन्हा. आठ तासांनी पुन्हा. म्हणजे आठ तासांनंतरचा डोरेमॉन त्या खोलीत आला, तेव्हा तोच गृहपाठ करायची त्याची पाचवी खेप होती. चिडणार नाही तर काय? आधी आपण भांडण बघतो आणि हसतो, आणि नंतर त्याच्यामागचा हिशेब कळतो तेव्हा आणखी हसतो. लेखकाने एक तासाचाही घोळ घातलेला नाही.

त्याच मालिकेतला आणखी एक प्रश्न बघा. डोरेमॉनला नोबिताकडे पाठवलं कोणी? नोबिताच्या खापरपणतवाने, सेवाशीने. का? नोबिताचं पुढचं आयुष्य सुधारावं, त्याचं लग्न दांडगट जियानच्या बहिणीशी न होता त्याला आवडणाऱ्या शिझुकाशी व्हावं म्हणून. आता आपला नोबिता हुशारीने विचारतो, "मी दुसरीशी लग्न केलं, तर तू जन्मशील कसा?" अगदी पहिल्याच गोष्टीत विचारतो हं! सेवाशी म्हणतो, टोकियोहून ओसाकाला जायचं असेल तर विमानाने जा, रेल्वेने जा नाहीतर बोटीने जा, पोहोचणार ओसाकालाच. म्हणजे डोरेमॉनच्या जगाचा नियम हा, की वाट बदलली तरी मुक्काम तोच. तुम्हाला हे पटो वा न पटो, एकदा ठरलं म्हणजे ठरलं.

याच्या अगदी उलट नियम पुण्यातल्या एका शास्त्रज्ञाने लावून दाखवला. त्यांचं नाव जयंत विष्णू नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. केंब्रिजला विश्वाचा अभ्यास केला, आणि पुढे पुण्यात विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. २० मे २०२५ रोजी पुण्यातच ते गेले. ताऱ्यांवर संशोधन करणारा हा माणूस विज्ञानकथाही लिहायचा. त्यातली 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मिळवून वाचाच.

गंगाधरपंत हे पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते अशा जगात पोहोचतात जिथे सगळं थोडंथोडं वेगळं आहे. मुंबईत इंग्रजांचा अंमल अजून आहे, पण देशभर मात्र त्यांचं राज्य पसरलेलंच नाही. दुसरा कोणी असता तर घाबरून धावत सुटला असता. गंगाधरपंत जातात वाचनालयात! इतिहासाचे खंड काढतात आणि आपल्या माहितीतला इतिहास त्या पुस्तकांशी ताडून पाहतात. सम्राट अशोक? तोच. औरंगजेब? तोच. मग फरक पडला कुठे? शोधता शोधता ते एका दिवसावर येऊन थांबतात, १४ जानेवारी १७६१, पानिपतची लढाई. आपल्या इतिहासात त्या दिवशी नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला, सैन्याचा धीर खचला आणि मराठे हरले. त्या दुसऱ्या जगात ती गोळी विश्वासरावाला नुसती चाटून गेली. तो वाचला, मराठे जिंकले, आणि तिथून पुढचा सगळा इतिहास दुसऱ्या वाटेने गेला.

नारळीकरांनी बदललं किती? एका गोळीची वाट. त्याच्या आधीच्या इतिहासाला त्यांनी हात लावला नाही, आणि नंतरचं सगळं त्या एका बदलातून काढलं. म्हणूनच गंगाधरपंतांना तो सांधा शोधता आला. त्यांनी आणखी दहा ठिकाणी हवे तसे बदल केले असते, अशोकाचं नाव बदललं असतं, चंद्राला हिरवा रंग दिला असता, तर प्राध्यापकांना वाचनालयात बसून काहीच सापडलं नसतं. तुम्ही शाळेत मटकीला मोड आणण्याचा प्रयोग करता तेव्हा बाई काय सांगतात? एका वाटीला उजेड द्या, एकीला देऊ नका, पण पाणी दोन्हींना सारखंच घाला. एका वेळी एकच गोष्ट बदला. नारळीकर प्रयोगशाळेतली ही शिस्त गोष्टीत घेऊन आले.

डोरेमॉनच्या जगात वाट बदलली तरी मुक्काम तोच, गंगाधरपंतांच्या जगात एक गोळी चुकली की मुक्कामच वेगळा. दोन्ही नियम चालतील. पण एकाच मालिकेत सोमवारी हा आणि मंगळवारी तो असं चालणार नाही.

आता हातात घ्यायची गोष्ट. नारळीकरांची आणखी एक कथा आहे, 'उजव्या सोंडेचा गणपती'. गणपतीची सोंड बहुतेक मूर्तींमध्ये डावीकडे वळलेली असते. उजव्या सोंडेचा गणपती विरळा. अष्टविनायकांमध्ये सिद्धटेकचा तेवढा तसा आहे. या कथेत एका क्रिकेटपटूची डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी अदलाबदल होते. हे होतं कशाच्या जोरावर, ते घरी करून बघू.

बटर पेपरची लांब पट्टी कापा, तीन-चार बोटं रुंद. दोन्ही टोकं जुळवून बांगडी करायची, पण चिकटवण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्या, म्हणजे वरची बाजू खाली येईल. ही झाली मोबियसची पट्टी. आता पट्टीवर एक छोटा गणपती काढा, डोकं एका कडेकडे, पाय दुसऱ्या कडेकडे, सोंड डावीकडे. बटर पेपरच्या वेगळ्या तुकड्यावर हुबेहूब तसाच गणपती काढून कापून घ्या आणि पहिल्यावर ठेवा. हा तुकडा पट्टीवरून हळूहळू सरकवा. उचलायचा नाही, कडेवरून पलीकडे न्यायचा नाही, जागच्या जागी गरगर फिरवायचा नाही. पूर्ण एक फेरी करून आलात की तुकडा मूळ चित्राच्या बरोबर मागे येईल. कागदातून आरपार बघा. सरकवलेला गणपती डोक्यावर उभा दिसेल! पट्टी फिरवून त्याला सरळ करा आणि सोंड तपासा. उजवीकडे! पीळ न देता साधी बांगडी करून बघा, कितीही फेऱ्या मारा, सोंड डावी ती डावीच राहील.

कागदाच्या सपाट जगात जे पट्टी करते, ते आपल्या उंची-लांबी-रुंदीच्या जगातल्या पिळाने माणसाचं केलं तर? ही नारळीकरांची एक थाप. आता कथा क्षणभर बाजूला ठेवू आणि ही थाप आपणच पुढे ढकलू. तुमची अशी अदलाबदल झाली आहे. तुमचं हृदय उजवीकडे झुकलेलं. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल तर आता डाव्या हाताने लिहाल, तेही उलटी अक्षरं. अप्पा बळवंत चौकात गेलात तर दुकानांच्या सगळ्या पाट्या तुम्हाला उलट्या दिसतील, आणि घड्याळाचे काटे उलटे फिरताना.

इथवर तुमचं तुम्हालाही सुचलं असेल. पण शरीर कशाचं बनलंय? रेणूंचं. आणि पुष्कळ रेणूंनाही डावं-उजवं असतं, आपल्या हातांसारखं. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ मध्ये एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चिमट्याने एकेक वेचले. डावे एका ढिगात, उजवे दुसऱ्या. दोन्ही ढीग एकमेकांची आरशातली रूपं निघाले. आपल्या शरीरातली प्रथिनं जवळजवळ पूर्णपणे 'डाव्या' अमिनो आम्लांची बनतात, आणि आपण पचवतो ती साखर 'उजवी' असते. ग्लुकोजचं आरशातलं रूप गोड लागतं, पण आपलं शरीर त्यातून ताकद काढू शकत नाही.

म्हणजे उलट्या झालेल्या तुमच्यासमोर आईने पोळी-भाजी वाढली तर तुम्ही पोटभर जेवाल आणि तरीही अंगाला फारसं काही लागणार नाही! आणखी गंमत ऐका. स्वयंपाकघरातून पुदिना आणि शहाजिरे आणा आणि आलटून पालटून हुंगा. वास अगदी वेगळे, हो ना? दोन्हींच्या वासातला मुख्य रेणू एकच, कार्व्होन. पुदिन्यात त्याचं एक रूप, शहाजिऱ्यात त्याचं आरशातलं रूप. आपलं नाक तो फरक ओळखतं. पण तुमचं नाक उलटं झालं असेल तर पुदिन्याच्या चटणीला शहाजिऱ्याचा वास येईल!

मला हे फार आवडतं. एक थाप मारली, तिला चिकटून राहिलो, तर ती आपल्याला थेट पाश्चरच्या चिमट्यापर्यंत आणि आईच्या मसाल्याच्या डब्यापर्यंत घेऊन आली. नियम मधेच मोडला असता, "जादूनेच त्याचं पोटही भरलं" असं म्हणून सुटलो असतो, तर वाट तिथेच संपली असती.

जाता जाता नारळीकरांचा आणखी एक उलटा खेळ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली. नाव घेतलं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं बघा, ना. वि. ज. आणि त्यांचं खरं नाव, ज. वि. ना.! कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

टीव्हीवर मात्र गोष्टीचा नियम असा नेहमी पाळला जात नाही. काल उडू शकणारा नायक आज कड्याला लोंबकळत "वाचवा!" म्हणून ओरडतो, आणि त्याला आपण उडू शकतो हे का आठवत नाही ते कोणी सांगत नाही. शेवटच्या भागात अचानक एक नवीनच शस्त्र निघतं. किंवा सगळ्यात वाईट म्हणजे नायक जागा होतो आणि सगळं स्वप्न होतं असं कळतं. अशा मालिका लिहिणारे तुम्हाला लहान समजतात, म्हणून असं करतात. तुम्ही समजून घ्याल, विसरून जाल, असं त्यांना वाटतं. विसरू नका. नियम आधीपासून होता आणि आपल्याला उशिरा कळला, तर ठीक आहे, मग मागचे भाग आठवून तो तिथेही बसतो का ते तपासा. बसत नसेल तर मालिका चुकली, तुम्ही नाही.

आता एक काम तुमच्याकडे. थाप मी देतो: एका सकाळपासून पुण्यातल्या सगळ्या सावल्या एक तास उशिरा हलायला लागल्या. बस, एवढंच बदललं. शाळेच्या मैदानावर पकडापकडी खेळताना काय होईल? चोर पळून गेला आणि त्याची सावली पोलिसांना तासाभराने सापडली तर? पुण्यात वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, त्या दिवशी ती कधी नाहीशी होईल? ढग आले तर? यावर गोष्ट लिहा आणि आमच्याकडे पाठवा. एका पानाची असली तरी चालेल. फक्त शेवटी दोन ओळींत तुमच्या जगाचे नियम लिहा, म्हणजे ते कुठे मोडलेत का, हे आम्हाला तपासता येईल.